पुन: शनिवारचं पार्किंग (आणि फुटबॉलला पंच किती?)

प्रेषक: वृषाली (सचिव)
विषय: दिवाळी कार्यक्रम, वेळेत बदल

नमस्कार मंडळी,

शनिवारचा कार्यक्रम ठरल्याप्रमाणे हायस्कूलच्या सभागृहातच आहे, फक्त चारऐवजी साडेपाचला सुरू होईल. शाळेचा शुक्रवार रात्रीचा अमेरिकन फुटबॉलचा सामना शनिवारी दुपारी एकवर गेला आहे. शुक्रवारसाठी पंच मिळाले नाहीत, असं ऑफिसमधल्या बाईंनी सांगितलं. मैदानामागचं मोठं पार्किंग चारपर्यंत भरलेलं असणार. फराळाचे डबे आणणाऱ्यांनी जिमच्या दाराने या. नाटुकल्यातल्या मुलांना मात्र साडेतीनलाच आणा, रंगभूषा आहे.

वृषाली

---

प्रेषक: मिलिंद
विषय: पुन: दिवाळी कार्यक्रम, वेळेत बदल

पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजनाचा मुहूर्तही फुटबॉलच्या पंचांना विचारूनच काढू या.

विनोद सोडा, पण मला खरंच कळत नाही. एका शाळेच्या सामन्याला पाच पंच लागतात कशाला? क्रिकेटमध्ये दोघं जण दिवसभर उन्हात उभे राहून निभावतात. सॉकरला तिघं पुरतात. दोन कमी केले तर काय बिघडेल? चिरंजीव बँडमध्ये ट्रोम्बोन वाजवतात, त्यामुळे घरच्या प्रत्येक सामन्याला मी स्टँडमध्ये असतो. निम्मा वेळ ते पट्ट्यांच्या शर्टातले पट्टेवाले कमरेवर हात ठेवून नुसते उभे दिसतात.

मिलिंद

---

प्रेषक: प्रकाश
विषय: पुन: पुन: दिवाळी कार्यक्रम, वेळेत बदल

मिलिंद,

आधी गुन्हा कबूल करतो. सामना शनिवारी गेला तो आमच्यामुळे. शुक्रवारी आमचा पाच जणांचा क्रू वीस मैलांवरच्या दुसऱ्या शाळेत आहे आणि दुसरा मोकळा क्रू या भागात उरलेला नाही. शनिवारी त्या पार्किंगमध्ये पहिली गाडी माझी लागेल. पट्टेवाला ही पदवीही मान्य. वडिलांची फार इच्छा होती मी सरकारी नोकरीत जावं.

पण क्रिकेटचा दाखला चालणार नाही. क्रिकेटमध्ये चेंडू जिथे, खेळ तिथे. थर्डमॅनला उभा असलेला फिल्डर त्या वेळी कोणाला आडवा पाडत नसतो. इथे स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू झाला, की बावीस पोरं एकदम सुटतात, आणि त्यातल्या एकवीस जणांकडे चेंडू नसतो. दुखापती, खोडसाळपणा, उशिरा मारलेल्या धडका, सगळं त्या एकवीस जणांत. पहिल्या वर्षी मला शिकवलं ते हेच, की चेंडू तुझ्याकडे आल्याशिवाय त्याच्याकडे बघायचं नाही. जन्मभर चेंडूच बघत आलेल्या माणसाला ही सवय लागायला तीन हंगाम गेले.

तुलना करायचीच तर आपल्या कबड्डीशी कर. १३ बाय १० मीटरचं मैदान, सात-सात खेळाडू, एका वेळी चढाई एकाचीच. तरी एक रेफरी, दोन अंपायर, एक गुणलेखक आणि त्याचे दोन साहाय्यक, असे सहा अधिकारी. इथलं मैदान दोन्ही एंड झोन (टोकांचे गुण मिळवायचे पट्टे) धरून १२० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून थोडं जास्त रुंद. हिशेब केला तर कबड्डीच्या मैदानाच्या चाळीसपट भरतं. तिथे आम्ही पाच जण.

कमरेवर हात ठेवून कोण काय करतं ते सांगतो. पांढरी टोपी घातलेला रेफरी हल्ला करणाऱ्या संघाच्या मागे असतो. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्याच्या, हातून चेंडू सुटला की तुमचे डोळे चेंडूमागे जातात. रेफरीचे तिथेच राहतात, कारण त्या पोराला नंतर कोणी उगाच लोळवतो का हे बघणारा दुसरा कोणी नाही. अंपायर बचावफळीच्या मागे पाच-सहा यार्डांवर, ऐन गर्दीत. कोणी कोणाचा शर्ट धरला, कोण मागून घुसला, हे त्याचं खातं. धडक खायची पाळीही त्याचीच. एनएफएलने, म्हणजे व्यावसायिक लीगने, २०१० मध्ये अंपायरला तिथून उचलून हल्ल्याच्या बाजूला मागे नेलं ते या धडकांमुळेच. आमचा अंपायर अजून तिथेच उभा असतो आणि दर सोमवारी गुडघ्यावर बर्फ लावतो.

स्क्रिमेजच्या, म्हणजे डाव जिथून सुरू होतो त्या, रेषेवर एका कडेला हेड लाइन्समन, दुसऱ्या कडेला लाइन जज, म्हणजे मी. स्नॅपच्या आधी कोण हललं, पुढे नेलेला चेंडू नेमका कुठे थांबला, पाय रेषेबाहेर पडला का, हे आमचं. आणि पाठीमागे वीसेक यार्डांवर एकटा बॅक जज. लांबचे सगळे पास त्याच्या गळ्यात, बचावाचे अकरा खेळाडू मोजायचे त्यानेच, आणि पुढचा डाव सुरू करायच्या ४० सेकंदांच्या घड्याळावर नजरही त्याचीच.

आता तुझ्या म्हणण्याप्रमाणे एक कमी करू. चौघांत पहिला जातो तो बॅक जज. मग लांबचा पास कोणी बघायचा? आम्ही कडेच्या दोघांनी. पोरगं सोळा वर्षांचं, मी अठ्ठावन्न. तो चाळीस यार्ड धावला की मी पंचवीसवर धापा टाकत असतो आणि पास इंटरफिअरन्स (पास झेलताना केलेली अडवणूक) पंधरा यार्ड मागून, पाठीकडून बघतो. पंटच्या, म्हणजे लाथेने चेंडू लांब मारायच्या, वेळी तर लाइन जजला चेंडू झेलणाऱ्याकडे मागे जावं लागतं, म्हणजे माझ्या बाजूची रेष ओस पडते. चौघांत सामना होतो, नाही असं नाही. पण प्रत्येक डावात कुठला कोपरा आपण सोडून दिलाय हे आम्हाला ठाऊक असतं, आणि चलाख कोचलाही.

दोन कमी केले तर काय होतं ते शर्वरीला विचार. तिचा मुलगा फ्रेशमन (नववीच्या) टीममध्ये आहे.

प्रकाशकाका

---

प्रेषक: शर्वरी
विषय: फुटबॉलला पंच किती? (विषय बदलला, वृषालीच्या सोयीसाठी)

काकांनी नाव घेतलंच आहे तर सांगते. गेल्या महिन्यातल्या सामन्याला तीनच पंच होते. पोरं चौदा वर्षांची, काही जण हेल्मेट पहिल्यांदाच घातलेले. डाव संपला होता, चेंडू पार पलीकडच्या कडेला, आणि अलीकडे आमच्या ध्रुवला मागून कोणीतरी असा आदळला की कॉलरबोन मोडलं. पंचांचा एकही फ्लॅग (चूक दाखवायचं फडकं) पडला नाही. पंचांनी दुर्लक्ष केलं असं मी म्हणत नाही. तिघंही बिचारे चेंडूजवळ होते, इकडे माणूसच नव्हता.

मला हे उलटं वाटतं. ज्यांना अजून नीट पडतासुद्धा येत नाही त्या मुलांना तीन पंच, आणि कसलेल्या सीनियर मुलांना पाच. मोठ्यांच्या सामन्याला तिकीट असतं म्हणून का?

आणि एक कबुली माझीही. त्या दिवशी पंचांवर सगळ्यात मोठ्याने ओरडणारा आवाज आमच्याच घरातला होता. घरी येऊन त्यावर स्वतंत्र चर्चा झाली.

शर्वरी

---

प्रेषक: अद्वैत
विषय: पुन: फुटबॉलला पंच किती?

नमस्कार, मराठी लिहिताना चुकलो तर आईला सांगू नका.

मी याच शाळेत तीन वर्षं कॉर्नरबॅक, म्हणजे पास झेलणाऱ्याला अडवणारा, खेळलो. काकांचा आदर ठेवून सांगतो, पाचसुद्धा कमी आहेत. पाचाचा हिशेब बसला तेव्हा हायस्कूलची टीम दहातले आठ डाव चेंडू पोटाशी धरून धावायची. आता तीन-तीन रिसीव्हर (पास झेलणारे) एकाच बाजूला उभे राहतात. तेव्हा सगळ्यात बाहेरचा लाइन जजचा आणि आतले दोघं बॅक जजचे. एक माणूस दोन दिशांना कसा बघणार? आम्हाला हे माहीत होतं. बॅक जज आतल्या दोघांकडे बघतोय आणि लाइन जज मागे पडलाय असं दिसलं, की मी रिसीव्हरचा दंड हलकेच धरायचो. तीन वर्षांत दोनदा पकडला गेलो. (काका, एकदा तुम्हीच होता.)

एनएफएलचा इतिहास बघा. १९२० मध्ये तीन पंच होते. १९२९ मध्ये चौथा आला, १९४७ मध्ये पाचवा, १९६५ मध्ये सहावा, १९७८ मध्ये सातवा. त्याच १९७८ मध्ये पाच यार्डांपुढे रिसीव्हरला ढकलायला बंदी आली आणि पासचा खेळ फोफावला. कॉलेजात तर आता आठ असतात, कारण टीम इतक्या भराभर डाव लावतात की चेंडू जागेवर ठेवायलाच एक जण लागतो. हायस्कूलची पोरं टीव्हीवर बघून तेच डाव खेळतात, मग पंच १९४७ इतकेच का?

सात असले की दोन्ही कडांना खोलवर एकेक माणूस मिळतो. लांबचा पास, गोल लाइन, कडेची रेष, तिन्हीचा प्रश्न सुटतो, आणि बॅक जज मागच्या रेषेवर निवांत थांबू शकतो. पाचांच्या क्रूमध्ये लांब पास पडला तर गोल लाइन बघायची की मागची रेष, हे त्याला धावता धावता ठरवावं लागतं.

अद्वैत

---

प्रेषक: मिलिंद
विषय: पुन: पुन: फुटबॉलला पंच किती?

मी पाचाचे तीन करायला निघालो होतो, हे सातावर गेले!

कॅमेरा लावा की. १९९२ मध्ये डर्बनला टीव्हीवर बघून पहिला रनआउट दिला तो आपल्या सचिनला. तेव्हा जमलं, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना जमू नये?

मिलिंद

---

प्रेषक: प्रकाश
विषय: पुन: पुन: पुन: फुटबॉलला पंच किती?

मिलिंद, रिप्लेला दार उघडलं आहे. हायस्कूलच्या राष्ट्रीय नियमांनी २०१९ पासून राज्यांच्या संघटनांना बाद फेरीत रिप्ले वापरायची मुभा दिली. पण त्याला चार कोनांतून कॅमेरे हवेत, बघणारा माणूस हवा. एका आईने स्टँडमधून काढलेल्या व्हिडिओत तिचंच पोर असतं, आणि ते निर्दोष असतं. शिवाय मागून आदळलेल्याचं चित्र बघून ध्रुवचं हाड जुळत नाही. फ्लॅगचा उपयोग पुढची धडक थांबवण्यासाठी असतो.

अद्वैत, तो फ्लॅग मला आठवतो. उरलेल्या वेळा मीच मागे पडलो होतो, हेही खरं. तुझं म्हणणं कागदावर पूर्ण मान्य. मी दोन वर्षं बाद फेरीत मोठ्या क्रूबरोबर काम केलंय. पहिल्यांदाच असं वाटलं की मला माझ्या वाटच्या तुकड्यापुरतंच बघायचंय. रात्री घरी जाऊन झोप लागली.

पण माणसं कुठून आणायची? २०१८-१९ च्या हंगामानंतर देशभरात सुमारे ५० हजार पंचांनी शाळेच्या खेळांचं काम सोडलं, असं हायस्कूल संघटनांच्या राष्ट्रीय महासंघानेच सांगितलं. सगळ्या खेळांचे मिळून. कोविड आला, वय झालं, आणि स्टँडमधून जे कानावर पडतं ते ऐकून घरी बसलेले तर कितीतरी. आमच्या गावात आज दहा पंच असतील तर पाचाचे दोन सामने होतात. सात नेमले तर एक होतो आणि तिघं उरतात. ते तिघं ध्रुवच्या सामन्याला. म्हणजे दुसरी शाळा शनिवारी, आणि वृषालीचा कार्यक्रम रात्री आठला.

म्हणून माझं मत असं. मोठ्यांना पाच, त्याखाली नाही. आणि जादाचे दोन जेव्हा केव्हा मिळतील तेव्हा ते आधी फ्रेशमनच्या सामन्याला द्यायचे, तिथे तिनाचे पाच करायचे. शर्वरी म्हणते ते खरं आहे, आपण उलटं करून ठेवलंय. शुक्रवारच्या सामन्याला सात ही चैन नंतर.

एक आठवलं म्हणून. टेक्ससमधल्या अगदी छोट्या शाळा सहा-सहा खेळाडूंचा फुटबॉल खेळतात, ८० बाय ४० यार्डांच्या मैदानावर. पोरं कमी म्हणून खेळच आटोपशीर केला. पंच कमी म्हणून अकराचे नऊ करा, असं मात्र अजून कोणी सुचवलेलं ऐकलं नाही.

प्रकाशकाका

---

प्रेषक: अद्वैत
विषय: पुन: फुटबॉलला पंच किती?

काका, एकच मुद्दा. नवीन माणूस आज कुठे सुरुवात करतो? फ्रेशमनच्या सामन्यात, तिघांत. म्हणजे सगळ्यात कमी अनुभव, सगळ्यात जास्त जागा, आणि पाच फुटांवर ओरडणारे आईबाप. दोन वर्षांत पळून जातो. शुक्रवारी सातांत त्याला खोल कडेला उभं करा. बाजूला तुमच्यासारखे सहा जण आहेत, चुकला तर कोणीतरी सावरेल. सात नेमल्याने माणसं कमी पडतात असं तुम्ही म्हणता. माझ्या मते सात नेमल्याने ती टिकतील.

अद्वैत

---

प्रेषक: प्रकाश
विषय: पुन: पुन: फुटबॉलला पंच किती?

हा मुद्दा आमच्या असाइनरपर्यंत पोचवतो, कोणाला कुठल्या सामन्याला पाठवायचं ते तोच ठरवतो. एक भीती आहे. खोल कडेला रात्रभरात तीनच प्रसंग येतात, पण तिन्ही असे की स्टेडियम उभं राहतं. नवशिक्याला तिथे टाकणं म्हणजे नव्या सुनेला पहिल्याच दिवशी पुरणपोळीला बसवणं. तरी तिघांत सोडण्यापेक्षा बरंच. इथे मी अर्धा हरलो असं समज.

अर्धा, कारण तुझ्या योजनेला सातवा माणूस लागतो. तू वीस वर्षांचा आहेस, तुला पास कळतो, आणि दंड कसा धरतात हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. वर्ग उन्हाळ्यात भरतो. नियमांची परीक्षा, पट्ट्यांचा शर्ट, शिट्टी, एवढंच. पुस्तक माझ्याकडे आहे.

प्रकाशकाका

---

प्रेषक: मिलिंद
विषय: पुन: पुन: पुन: फुटबॉलला पंच किती?

मला शिट्टी नको, पण ती कडेला यार्ड मोजायची साखळी धरून उभी राहणारी माणसं शाळेतलीच असतात ना? तेवढं मला जमेल. तसाही तिथेच असतो.

मिलिंद

---

प्रेषक: वृषाली (सचिव)
विषय: वाढपी!!

मंडळी, एका पार्किंगच्या मेलवर तुम्ही पाच की सात यात चार दिवस घालवलेत, म्हणून माझा आकडाही सांगते. जेवायला ३०० पानं आहेत आणि वाढायला आतापर्यंत चार नावं आली आहेत. निदान बारा हवीत. मिलिंद, तुझं नाव मी मठ्ठ्यावर घातलंय.

वृषाली

---

प्रेषक: प्रकाश
विषय: पुन: वाढपी!!

मला घाल, पण सामना लांबला नाही तर साडेपाचला पोचेन. पट्ट्यांच्या शर्टातच येईन, बदलायला वेळ नाही. आमचा अंपायरही येतोय, त्याला गेल्या वर्षीच्या चकल्या आठवतायत. त्याला बसून करायचं काम दे, गुडघा सुजलाय.

प्रकाशकाका