बंदी बोलण्यावर नाहीये

टेक्सासमध्ये २०२१ च्या कायद्यानंतर हायस्कूलात वर्णद्वेषावर बोलायलाच बंदी आहे असं वर दोघातिघांनी लिहिलंय, ते तितकंसं खरं नाही. वादग्रस्त चालू विषय घ्यायची शिक्षकांवर सक्ती करता येत नाही, आणि घेतलाच तर राजकीय कल न ठेवता शिकवायचा, असं कायदा म्हणतो. पण भीतीपोटी बरेच शिक्षक विषयच टाळतात हे मात्र पटलं, आणि त्यात नुकसान पोरांचंच होतं.

माझ्या मुलीच्या अकरावीच्या हिस्ट्रीच्या सरांनी "तुमचं मत काय" असं विचारलंच नाही, सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल हातात दिले. १९२२ चा ताकाओ ओझावांचा, जपानी माणूस कॉकेशियन (तेव्हाच्या शास्त्राने युरोपीय आणि बरेच भारतीय यांचा मिळून मानलेला वंश) नाही म्हणून गोरा नाही म्हणून नागरिकत्व नाही. मग तीनच महिन्यांनी भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांचा, ते म्हणाले शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियनच, तर कोर्ट म्हणतं शास्त्र राहू दे, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा! दोन्ही निकाल एकाच न्यायमूर्तींचे, जॉर्ज सदरलँड यांचे. मुलांनी आधी दोन्हीतला फरक वहीत लिहायचा, मगच बोलायचं, आणि बोलताना कुठल्या ओळीवरून बोलतोय ते दाखवायचं. एरवी निवडणुकीवरून हमरीतुमरीवर येणारी पोरं तासभर त्या कागदावरच भांडत होती म्हणे, एकमेकांवर कोणी घसरलं नाही. घरी आल्यावर तिने मला विचारलं की मग आपल्या लोकांना नागरिकत्व मिळायला लागलं कधी, तेव्हा आम्ही दोघांनी बसून १९४६ चा कायदा शोधून वाचला.