मोडेमची फ्लॅश चिप कधी दिसते, कधी दिसत नाही, क्लिप लावून लावून बोटं दुखली

तासगाव_केबल (रात्री ११:४८)

मंडळी नमस्कार, जरा मोठं लिहितोय, वैताग समजून घ्या.

तासगावात केबल आणि नेटचं काम आहे, कंट्रोल रूम मामांची, राबतो मी. गावातली गिऱ्हाइकं सगळी फायबरवर गेली पण बाहेरच्या दोन-तीन मळ्यांवर अजून कोॲक्सच (जुनी तांब्याची केबल) आहे, तिथं डॉक्सिसचे (त्या केबलवरून नेट द्यायची पद्धत) मोडेमच चालतात आणि आता ते नवीन काय मिळत नाहीत. सांगलीच्या गोडाऊनमध्ये आमचेच जुने मोडेम एका खोक्यात पडलेत, २२ नग, सगळे आमच्याच सिस्टीमचे. त्यातल्या सात-आठ जणांचं एकच दुखणं, पॉवरचा दिवा नुसता लुकलुकतो, पुढं काही नाही, लॅनचा दिवा पण लागत नाही. फर्मवेअर (मोडेमच्या आतला प्रोग्राम, फ्लॅश म्हणजे मेमरीच्या चिपमध्ये असतो तो) उडालंय असं वाटतं. म्हटलं चिप वाचून बघू, त्याच मॉडेलच्या चांगल्या मोडेमवरून दुरुस्त करू.

ऑनलाइन तो काळा सीएच३४१ए प्रोग्रामर (चिप वाचायचं-लिहायचं यूएसबीचं यंत्र) मागवला, सोबत आठ पायांची क्लिप. पहिल्यांदा डिटेक्ट दाबलं तर ईएफ ४० १७ असा चिपचा आयडी आला, म्हणजे विनबाँडची ६४ मेगाबिटवाली, मी खूश. रीड दाबलं, फाईल झाली पण आत सगळा कचरा. परत डिटेक्ट, तर एफएफ एफएफ एफएफ. क्लिप काढून परत लावली तर ०० ०० ००. मग अर्धा तास काहीच नाही आणि अचानक परत ईएफ ४० १७. लॅपटॉप बदलला, यूएसबी पोर्ट बदलला, विंडोजवर निओप्रोग्रामर, लिनक्सवर फ्लॅशरॉम, सगळीकडं तेच. लाल वायर एक नंबरच्या पायालाच आहे, दहादा बघितलंय, चिपवरचा ठिपका पण दिसतो.

क्लिप खराब निघाली का प्रोग्रामरच बंडल आहे? दुसरा मागवायचा का? हां आणि एक, क्लिप लावली की मोडेमचा पॉवरचा दिवा मंद पेटतो, अडॅप्टर लावलेला नसताना सुद्धा. म्हणजे करंट जातोय बरोबर असंच समजायचं ना?

---

गरम_सोल्डर (रात्री १२:१५)

भावा जाता जाता शेवटी जे लिहिलंयस ना, तेच दुखणं आहे.

दिवा पेटतो म्हणजे तुझा प्रोग्रामर चिपला नाही, अख्ख्या मोडेमला जेवू घालतोय. चिपचा आठ नंबरचा पाय म्हणजे व्हीसीसी (करंट आत घ्यायचा पाय), तो बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या लाईनवरच बसलाय. त्याच लाईनवर प्रोसेसर, रॅम, लॅनची चिप, सगळं गणगोत. प्रोग्रामरवर एक छोटा रेग्युलेटर असतो आणि त्याला खायला मिळतं यूएसबीचं, तेही जुन्या पोर्टला ५०० मिलीॲम्पियर. एवढ्यात सगळ्यांचं पोट कसं भरणार? व्होल्टेज बसतं. ही चिप २.७ ते ३.६ मध्येच काम करते, त्याच्या खाली गेलं की ती काय बोलेल त्याचा नेम नाही.

आणि दुसरं, अर्धवट करंट मिळाला की मोडेमचा प्रोसेसर पण अर्धवट जागा होतो आणि तोही त्याच चिपला हाका मारायला लागतो. क्लॉकची तार एक, सिलेक्टची तार एक, आणि बोलणारे दोघं. मग कधी लाईन वर अडकते, तुला एफएफ दिसतात, कधी खाली दाबली जाते, तेव्हा ००.

ईएफ ४० १७ अधनंमधनं का येतं ते पण सांगतो. आयडी मागायला एक बाईट कमांड आणि तीन बाईट उत्तर, एवढंच काम. तीन बाईट नशिबानं येतात. पूर्ण चिप म्हणजे ८३ लाख ८८ हजार ६०८ बाईट, ते नशिबानं येत नाहीत. म्हणून आयडी आला की खूश होऊ नको.

नवीन काही मागवू नको. आधी मीटर घे आणि क्लिप लावलेली असताना चार (ग्राउंड) आणि आठ नंबरच्या पायात किती व्होल्ट येतात ते सांग.

---

वाईकर_इलेक्ट्रो (सकाळी ७:३२)

गरम_सोल्डर यांचं बरोबर आहे पण त्या काळ्या प्रोग्रामरची एक खोड कुणी सांगितली नाही. त्याच्या व्हीसीसीवर ३.३ येतात पण डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, कारण सीएच३४१ए स्वतः ५ वर चालतो. ३.३ च्या चिपला हे बरं नाही. चिप बऱ्याचदा सहन करते म्हणून लोक वापरत राहतात, पण क्लिप लावलेली असताना तेच ५ व्होल्ट मोडेमच्या प्रोसेसरच्या पायात पण जातात. मी एक राउटर असाच घालवलाय, तेव्हापासून शहाणा झालो. उपाय म्हणजे सीएच३४१ए चा २८ नंबरचा पाय पॅडवरून उचलायचा, त्याला रेग्युलेटरचे ३.३ द्यायचे आणि ९ नंबरचा पाय पण ३.३ लाच जोडायचा. हात बसलेला असेल तर पंधरा मिनिटांचं काम.

चिप न काढता करायचंच असेल तर प्रोग्रामरची व्हीसीसी वायर सोडून दे, मोडेमला त्याच्या स्वतःच्या अडॅप्टरवर चालू ठेव, प्रोसेसरची रीसेटची लाईन ग्राउंडला धरून ठेव आणि बाकीच्या तारा जोड. ग्राउंड दोघांचा एकच पाहिजे.

---

गरम_सोल्डर (सकाळी ७:५०)

वाईकर, रीसेटचं तुमचं खरं, पण त्या बोर्डावर रीसेटचा पॉइंट शोधायचा कुणी? नकाशा नाही, काही नाही. आठ पाय काढायला दोन मिनिटं लागतात, मी म्हणतो काढून मोकळं व्हावं. ५ व्होल्टचं मात्र मान्य.

---

तासगाव_केबल (दुपारी २:०५)

मोजलं. क्लिप लावल्या लावल्या २.९ दाखवतं आणि बघता बघता २.१ वर येऊन बसतं. क्लिप हवेत धरली की बरोब्बर ३.३. आयला म्हणजे क्लिप बिचारी निर्दोष, तिला दोन दिवस शिव्या घातल्या.

हॉट एअर (गरम हवेनं चिप काढायचं यंत्र) माझ्याकडं नाही, मोबाईलवाल्या मित्राकडं आहे, संध्याकाळी जातो. फक्त आठ नंबरचा पाय उचलला तर नाही का चालणार?

---

गरम_सोल्डर (दुपारी २:२०)

चालतं पण त्याच पायाचं पॅड मोठ्या कॉपरला जोडलेलं असतं, गरम लवकर होत नाही, घाई केली तर पाय तुटतो नाहीतर पॅड उपटून येतं. पूर्ण काढ. फ्लक्स भरपूर लाव, शेजारच्या प्लास्टिकच्या कनेक्टरला कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी) लाव, आणि चिमट्यानं ओढू नको, टिन वितळलं की ती आपोआप सरकते.

---

जुना_जेटॅग (सायंकाळी ५:४०)

साताऱ्याहून लिहितोय. पोरांनो तुमचं वाचून हसायला येतंय, आमच्या वेळी क्लिप पण नव्हती. २००८ च्या आसपास आम्ही प्रिंटर पोर्टाला चार रेझिस्टर लावून जेटॅगची (बोर्डावरच्या प्रोसेसरशी थेट बोलायची सोय) केबल घरीच करायचो. पुण्यात पासोड्या विठोबापाशी जाऊन सामान आणायचं. एका मोडेमला प्रोसेसरचा आयडी यायचा पण फ्लॅश काही सापडायची नाही, दोन रविवार घालवले. एक रविवार केबल मीटरभर लांब होती म्हणून, ती कापून वीतभर केली तेव्हा आयडी न अडखळता यायला लागला. दुसरा रविवार माझ्या अडाणीपणात गेला. सॉफ्टवेअर पॅरलल फ्लॅश शोधत होतं, पत्त्यावर ९८ लिहायचं आणि चिपनं क्यूआरवाय म्हणून ओ द्यायची, अशी ती पद्धत. माझ्या बोर्डावर होती आठ पायांची सिरीयल चिप, ती कशी ओ देणार? माणूसच घरात नाही तर दार वाजवून काय उपयोग.

तासगावकर, तुमच्या क्लिपच्या वायरी किती लांब आहेत? वीतभरापेक्षा जास्त असतील तर कमी करा.

आणि महत्त्वाचं. चांगल्या मोडेमचा पूर्ण डम्प (चिपमधला सगळा डेटा) उचलून दुसऱ्यात ओतू नका. प्रत्येक मोडेमचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची त्याची ओळख) आणि त्याचं सर्टिफिकेट त्याच फ्लॅशमध्ये असतं. पूर्ण कॉपी मारलीत तर एका मॅकचे दोन मोडेम होतील, सीएमटीएस (कंट्रोल रूममधलं मोडेमना जोडणारं मशीन) दोघांनाही धड चालू देणार नाही, वर ते क्लोनिंग झालं, मोडेम स्वतःचे असले तरी ती सवय नको. ज्याचा भाग त्यालाच ठेवा, फक्त फर्मवेअरचा भाग त्याच मॉडेलमधून घ्या. म्हणून आधी प्रत्येक आजारी चिप दोनदा वाचायची, दोन्ही फाईलींचा एमडी५ (फाईल तपासायचा नंबर) जुळला तरच पुढं, आणि ती फाईल मोडेमच्या नंबरानं जपून ठेवायची.

---

तासगाव_केबल (दुसऱ्या दिवशी, रात्री १०:३०)

रिपोर्ट देतो.

पहिला मोडेम: चिप काढली, सॉकेटच्या पट्टीवर ठेवली, पहिल्या दाबाला ईएफ ४० १७. पाच वेळा विचारलं, पाचही वेळा तेच. दोनदा वाचली, एमडी५ जुळला. जेटॅग काकांनी सांगितलं तसं मॅक आणि सर्टिफिकेटचा भाग त्याचाच ठेवला, बाकीचं चांगल्यावरून घेऊन लिहिलं, व्हेरिफाय ओके. परत सोल्डर केली. चालू झाला!! मामा म्हणाले एवढ्यासाठी दोन रात्री जागलास व्हय.

दुसरा: यानं रडवलं. चिप काढली तरी एफएफ. नीट बघितलं तर पाय हिरवट झालेले आणि चिपच्या पोटाखाली गाळ, वाळलेला, बारीक पिठासारखा. मग लक्षात आलं, २०१९ च्या पुरात हेच खोकं सांगलीत खालच्या फळीवर होतं, कृष्णामाई दोन-तीन दिवस आत होती. तेव्हा आम्ही वरून पुसून उन्हात ठेवले होते आणि विसरलो. आयपीए (साफ करायचं अल्कोहोल) आणि जुन्या टूथब्रशनं घासली, पायांना नवीन टिन दिलं, मग आयडी आला. पण चिप बसवायला गेलो तर बोर्डावर दोन नंबरच्या पॅडपासून निघणारी ट्रॅक खाल्लेली, म्हणजे डेटा बाहेर यायचा रस्ताच बंद. केसाएवढी वायर टाकून जोडलं. चालतोय, पण गिऱ्हाइकाकडं द्यायला मन होत नाही.

तिसरा: हा जरा वेगळ्या मॉडेलचा आहे. यावर चिप रुंद, क्लिप अर्ध्यावरच बसते. परवा मी यालाही तीच क्लिप दाबून लावली होती आणि डिटेक्ट होईना म्हणून वैतागलो होतो.

---

वाईकर_इलेक्ट्रो (रात्री १०:४५)

तिसऱ्याचे पाय मोजा बघू आधी.

---

तासगाव_केबल (रात्री १०:५१)

सोळा 🙈

---

वाईकर_इलेक्ट्रो (रात्री ११:०४)

मग नशीब जळली नाही. सोळा पायांच्या चिपला पायांचा हिशेबच वेगळा. व्हीसीसी २ नंबरला, ग्राउंड १० ला, सिलेक्ट ७, डेटा बाहेर ८, डेटा आत १५, क्लॉक १६. होल्ड १ ला आणि राइट प्रोटेक्ट ९ ला, ही दोन्ही ३.३ ला बांधून ठेवा, लोंबकळत सोडू नका, नाहीतर परत तोच कधी दिसते कधी नाही चा खेळ. मधले ३ ते ६ आणि ११ ते १४ रिकामे असतात. सोळाची क्लिप वेगळी मिळते, नाहीतर सहा-आठ बारीक वायरी सोल्डर करा. वरचं नाव पण टाका इथं, मॅक्रोनिक्स (चिपची कंपनी) असेल तर एकाच आयडीला सॉफ्टवेअर तीन-चार नावं दाखवतं, त्यातलं चिपवर छापलंय तेच निवडायचं.

---

जुना_जेटॅग (रात्री ११:२०)

पुरातले बाकीचे मोडेम चालू करायच्या आधी सगळे उघडून धुवा. नुसती चिप नव्हे, आरएफचा (केबलचा सिग्नल पकडणारा) डबा पण. तो पत्र्याचा डबा बंद असतो पण पाणी आत गेलेलं असतं, आणि गाळ तिथंच बसतो. फर्मवेअर टाकून मोडेम बूट होईल, पण सिग्नलच पकडणार नाही, मग परत फ्लॅशवर संशय घेत बसाल.

---

तासगाव_केबल (रात्री ११:२६)

बरोबर काका, उद्या सगळे खोलतो. वायरी पण कापल्या, चाळीस सेंटिमीटर होत्या, आता बारा. चिपवर एमएक्स२५एल वाचता येतंय, पुढचं गाळानं गेलंय, भिंग लावून बघून टाकतो.

गरम_सोल्डर भावा, तू सांगलीत विश्रामबागेकडं कुठं असतोस का? मित्राचं हॉट एअर आज मोबाईलच्या कामात अडकलंय, रविवारी तुझ्याकडं आलो तर जमेल का? उरलेले चार घेऊन येतो, येताना बेदाणे आणतो आमच्या इथले.

---

गरम_सोल्डर (रात्री ११:३१)

ये की. पण मोडेम धुऊनच आण, माझ्या टेबलावर पूर नको.