घटनास्थळ पंचनाम्यात 'साधी माती' कशासाठी?

विधी-विद्यार्थी : खुनाच्या खटल्यांतील घटनास्थळ पंचनामे वाचताना 'रक्तमिश्रित माती' आणि 'साधी माती' अशी दोन पाकिटे सीलबंद केल्याची नोंद हमखास आढळते. जिथे रक्त सांडलेलेच नाही, तिथली माती मुद्देमालात घेण्याचे प्रयोजन काय? फरशी असेल तर काय करतात?

प्रयोगशाळेतला : ती तुलनेसाठी असते. रक्ताची प्राथमिक चाचणी हिमोग्लोबिनच्या गुणधर्मावर चालते आणि रक्त असल्यास तीत विशिष्ट रंग दिसतो. परंतु काही वनस्पतींचे रस आणि काही धातूंचे क्षारही तसाच रंग देतात. त्यामुळे शेजारच्या स्वच्छ मातीनेही तोच रंग दिला, तर पहिल्या निष्कर्षाला फारसा अर्थ उरत नाही. रक्त मानवी आहे का, हे त्यापुढे वेगळ्या चाचणीने ठरवावे लागते. शिवाय आरोपीच्या चपलेला लागलेली माती जुळवून पाहायची झाल्यास हीच साधी माती कामी येते, हा उपयोग पुष्कळदा विसरला जातो. फरशीवरचा वाळलेला डाग डिस्टिल्ड वॉटरने किंचित ओलावलेल्या कापसाने टिपतात आणि डाग नसलेल्या भागावरूनही तसाच दुसरा नमुना घेतात.

निवृत्त तपासी अंमलदार : वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र नमुना अचूक जागेवरून घेतला तरी तो बांधण्यात हलगर्जी झाली, तर सगळे मुसळ केरात. रक्ताने भिजलेला शर्ट तसाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला, की ओलाव्यामुळे बुरशी व जिवाणू वाढतात आणि डीएनए खराब होतो. तो सावलीत वाळवून कागदात गुंडाळावा, प्रत्येक वस्तूचे पाकीट वेगळे ठेवावे, त्यावर पंचांच्या सह्यांचे लेबल आणि लाखेचे सील असावे. उलटतपासणीत बचाव पक्षाचे वकील मातीबद्दल क्वचितच विचारतात. मुद्देमाल मालखान्यात (पोलीस ठाण्यातील मुद्देमाल ठेवण्याच्या खोलीत) किती दिवस पडून होता, तो प्रयोगशाळेत कोणी नेला आणि तिथे पोहोचला तेव्हा सील शाबूत होते का, यावरच त्यांचा सारा भर असतो.

वकील, सत्र न्यायालय : एक कायदेशीर भर घालतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम 176(3) नुसार, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण करणे अपेक्षित आहे. या तरतुदीच्या अंमलबजावणीची तारीख अधिसूचित करण्यास राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे, त्यामुळे प्रकरण हाताळताना संबंधित राज्याची अधिसूचना आधी पाहावी. झडती आणि जप्तीच्या चित्रीकरणाची तरतूद कलम 105 मध्ये स्वतंत्रपणे आहे आणि तिला अशी मुदत नाही.