मदत हवी आहे : बाबांच्या सत्तरीला शिबल्याचे दगडी खांब

नमस्कार मंडळी. येत्या डिसेंबरात बाबांना सत्तर पूर्ण होतात. आयुष्यभर भूगोल शिकवला त्यांनी. लहानपणी टेकडीच्या गणपतीला गेलो की पायाखालचा काळा दगड दाखवून म्हणायचे, "हा लाव्हा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा." त्यांना हॉटेलातला केक नको, यवतमाळ जिल्ह्यातल्या शिबला गावाजवळचे बेसाल्टचे खांब बघायचेत. लाव्हा निवताना आकसतो, भेगा पडतात, त्यातून हे पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. लोणार आम्ही पाहिलंय, पण ते विवर उल्केच्या आघाताचं. बाबांना खुद्द लाव्ह्याची करणी बघायची आहे.

नागपूरहून पांढरकवड्यापर्यंत हैदराबाद हायवेने जाऊ. पुढचा रस्ता कसा आहे? कार अगदी जवळ जाते का? बाबांचा गुडघा दुखतो, त्यामुळे किती चालावं लागेल हे मला सगळ्यात आधी कळायला हवं. उतार आहे का, बसायला सावली मिळेल का?

दुसरं फोटोंचं. माझ्याकडे साधा १८-५५ लेन्सचा कॅमेरा आहे. काळा दगड ऑटोवर नेहमी राखाडी, फिकट येतो, म्हणून एक्स्पोजर थोडं कमी ठेवायचा विचार आहे. तिरपं ऊन खांबांवर सकाळी पडतं की दुपारनंतर? त्यावरून पहाटे निघायचं की नाही ते ठरेल. बाबांना खांबांशेजारी उभं करून एक फोटो मोठा प्रिंट करायचाय.

कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.