उपवासाने पेशींची साफसफाई होते का? पार्किन्सन्स असलेल्या वडिलांसाठी विचारत आहे

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. त्यांना पार्किन्सन्सचा आजार असून लेव्होडोपाच्या गोळ्या दिवसातून चार वेळा चालू आहेत, आणि जोडीला मधुमेहाच्याही गोळ्या आहेत. ते माळकरी आहेत. एकादशी त्यांनी उभ्या आयुष्यात चुकवलेली नाही आणि आम्हीही त्याबद्दल कधी काही म्हटलेले नाही. मात्र गेल्या महिन्यात त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक संदेश आला. सोळा तास उपाशी राहिले की पेशी स्वतःमधला कचरा खाऊ लागतात, या शोधाबद्दल जपानच्या शास्त्रज्ञाला नोबेल मिळाले आहे, आणि नेमाने निर्जळी उपवास केला तर कंप, विस्मरण, मधुमेह व कर्करोग मुळापासून जातात, असा त्याचा आशय आहे. तेव्हापासून एकादशीखेरीज आठवड्यातून दोन दिवस निर्जळी राहायचे आणि त्या दिवशी गोळ्याही घ्यायच्या नाहीत, असे वडिलांनी मनावर घेतले आहे.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि पी. यू. सी.ला विज्ञान घेतले होते. लायसोझोम म्हणजे ‘आत्मघाती पिशव्या’ एवढेच आता आठवते. नोबेल खरोखरच मिळालेले असल्यामुळे संदेश खोटा म्हणून झटकून टाकता येत नाही. वडील विचारी आहेत, कारण समजावून सांगितले तर ऐकतात. पेशीत हे नेमके काय घडते, उपवासाशी त्याचा संबंध किती, आणि पार्किन्सन्समध्ये त्याचा उपयोग होतो का, हे कोणी जाणकार सांगतील का?

टिळकवाडीचे सर

ताई, कारण सांगून पटवण्याचा तुमचा मार्ग योग्य आहे, म्हणून मीही सविस्तर लिहितो. मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो.

नोबेलची गोष्ट खरी आहे. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले ते ऑटोफॅजीची, म्हणजे पेशीच्या स्वभक्षणाची, यंत्रणा उलगडल्याबद्दल. परंतु त्यांचे ते काम उपवासाच्या उपचारावर नव्हते, माणसांवरही नव्हते. ते यीस्टवर, म्हणजे एका एकपेशीय बुरशीवर, होते. लायसोझोमचा, म्हणजे पेशीतील पचनाचे काम करणाऱ्या पिशवीचा, शोध बेल्जियमचे क्रिस्तियाँ द ड्यूव्ह यांनी १९५५ मध्ये लावला आणि ऑटोफॅजी हे नावही त्यांनीच १९६३ मध्ये दिले. मात्र ही प्रक्रिया कोणती जनुके चालवतात, हे त्यानंतर कितीतरी वर्षे अंधारात होते. यीस्टच्या पेशीत लायसोझोमचे काम करणारी एक मोठी रिक्तिका (द्रव भरलेली पिशवी) असते आणि ती साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. अडचण एवढीच की आत आलेला माल इतक्या लवकर पचतो की पाहायला काही उरत नाही. म्हणून ओसुमींनी पचवणारी विकरेच (एन्झाइम) निकामी झालेला यीस्टचा वाण घेतला आणि त्याला नायट्रोजन नसलेल्या द्रावणात उपाशी ठेवले. अर्ध्या तासातच रिक्तिकेत बारीक गोल कण दिसू लागले, ते सारखे थरथरत इकडून तिकडे हलत होते, आणि काही तासांत रिक्तिका त्यांनी भरून गेली. पेशीने स्वतःच्याच पेशीद्रव्याचे तुकडे पापुद्र्यात गुंडाळून तेथे आणून टाकले होते. हे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामासाठी लागणारी पंधरा जनुके शोधून दाखवली. त्यांपैकी अनेक जनुकांची भावंडे आपल्या पेशींतही आहेत. मला हा प्रयोग शिकवताना आजही आनंद होतो, कारण त्यात महागडे यंत्र काही नव्हते. नेमका प्रश्न आणि डोळे उघडे ठेवून पाहणे, एवढ्यावर तो उभा राहिला.

आता आपल्या पेशीत काय घडते ते पाहू. पेशीद्रव्यात दुहेरी पडद्याची एक चंद्रकोर तयार होते, ती वाढत वाढत जुने प्रथिनांचे गोळे, बिघडलेला मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) किंवा आत शिरलेला जिवाणू यांना वेढते आणि मिटून बंद पिशवी होते. या सगळ्याला दहा मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. ही पिशवी लायसोझोमला जाऊन मिळते. तेथील आम्लात काम करणारी पन्नासहून अधिक विकरे आतल्या मालाचे अमिनो आम्ले, शर्करा व मेदाम्ले असे सुटे भाग करतात, आणि ते भाग पुन्हा पेशीद्रव्यात येऊन नव्या बांधणीला लागतात. लहान, एकेकटी प्रथिने मोडण्यासाठी प्रोटिआसोम नावाची दुसरी यंत्रणा आहे. तिच्याकडे माल पाठवणाऱ्या युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या खुणेचा शोध लावणाऱ्या तिघांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

ताई, वडिलांना सर्वांत आधी हे सांगा की हे काम उपवासाची वाट पाहत थांबलेले नसते. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिने मोडून नव्याने बांधली जातात आणि आहारातून येणारी प्रथिने त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपासच असतात. बाकीचा कच्चा माल शरीर स्वतःमधूनच काढते. ते जेवलेल्या दिवशीही चालू असते. उपासमारीत त्याचा वेग वाढतो, हे मात्र खरे. रक्तात इन्शुलिन आणि अमिनो आम्ले भरपूर असली की एमटॉर नावाचे प्रथिन स्वभक्षणाला आवर घालते. ती घटली आणि पेशीतील ऊर्जा कमी झाली की हा आवर सुटतो. नवजात पिलांत याचे महत्त्व फार स्पष्ट दिसते. जन्मल्याबरोबर नाळेतून येणारे अन्न तुटते आणि दूध सुरू होईपर्यंतचा मधला वेळ पिलू स्वतःच्या पेशींतील साठ्यावर काढते. ज्या उंदरांत स्वभक्षणासाठी लागणारे एटीजी५ हे जनुक काढून टाकले होते, त्यांची पिले वरकरणी धडधाकट जन्मूनही एका दिवसाच्या आत मेली.

सोळा तासांच्या आकड्याबद्दल. उपवासाने स्वभक्षण वाढते हे बहुतांशी यीस्ट, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी आणि उंदीर यांच्यात मोजलेले आहे. उंदराचा चयापचय इतका वेगवान असतो की त्याचा एक दिवसाचा उपास माणसाच्या एका दिवसाशी बरोबरीने मांडता येत नाही. माणसाच्या मेंदूत किंवा यकृतात या घडीला किती स्वभक्षण चालले आहे, हे सांगणारी रक्ततपासणी दवाखान्यात उपलब्ध नाही, त्यामुळे सोळाव्या तासाला ते सुरू होते या विधानाला मोजमापाचा आधार नाही. शिवाय २००४ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांना २४ तास उपाशी ठेवून पाहिले, तेव्हा यकृत, स्नायू, हृदय अशा अनेक अवयवांत वाढ दिसली, पण मेंदूत तशी दिसली नाही. नंतरच्या काही प्रयोगांत मेंदूच्या पेशींतही वाढ आढळली. तुमच्या वडिलांचा आजार मेंदूचा आहे आणि नेमके तेथेच उत्तर पक्के नाही. आपल्याकडचा साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्यांचा उपवास तर या दृष्टीने उपास ठरतच नाही, कारण साबुदाण्याने इन्शुलिन वाढते आणि शेंगदाण्यातून अमिनो आम्ले मिळतात. त्याचे धार्मिक मोल वेगळे, त्याविषयी मी बोलत नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर, मनापासून आभार. वडिलांना काल रात्री वाचून दाखवले आणि नवजात पिलांच्या गोष्टीवर ते बराच वेळ बोलत होते. त्यांनी एक प्रश्न विचारायला सांगितला आहे: पार्किन्सन्समध्ये जर कचरा साचत असेल, तर स्वभक्षण वाढवणे चांगलेच नाही का?

टिळकवाडीचे सर

वडिलांनी अगदी मर्माचा प्रश्न विचारला आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा.

मेंदूतील चेतापेशी एकदा तयार झाल्या की सहसा विभागत नाहीत. त्वचेची पेशी विभागताना साचलेला माल दोन नव्या पेशींत वाटून टाकते आणि ती पेशी स्वतःही लवकरच झडून जाते. चेतापेशीला सत्तर-ऐंशी वर्षे त्याच घरात राहायचे असते. म्हणून २००६ मध्ये ज्या उंदरांच्या फक्त चेतापेशींत स्वभक्षणाची जनुके बंद केली, त्यांच्यात इतर कोणताही दोष न घालता प्रथिनांचे गोळे साचले आणि चालण्यात बिघाड आला. पार्किन्सन्समध्ये अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचे गोळे साचतात. काही कुटुंबांत, विशेषतः तरुण वयात होणाऱ्या पार्किन्सन्समध्ये, पार्किन किंवा पिंक१ ही जनुके बिघडलेली आढळतात. खराब झालेला मायटोकॉन्ड्रिया ओळखून त्याच्यावर मोडीत काढण्याची खूण करणे, हे या दोघांचे काम आहे. आणि पार्किन्सन्सचा धोका वाढवणाऱ्या जनुकीय दोषांत सर्वाधिक आढळणारा दोष जीबीए१ या जनुकात असतो, जे लायसोझोममधील एक विकर बनवते.

म्हणजे बिघाड अनेकदा साखळीच्या शेवटच्या टोकाला, लायसोझोममधील पचनात, असतो. तुमच्यापैकी कोणी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) पाहिली असेल तर हे लगेच ध्यानात येईल. ओतकामातून निघालेले तुकडे आणि नापास झालेले कास्टिंग पुन्हा भट्टीत जातात व त्यांचाच रस होऊन नवा माल ओतला जातो. पण भट्टीच तापत नसेल तर भंगाराच्या गाड्या कितीही वाढवल्या तरी काही साधत नाही. उलट आवारात पाय ठेवायला जागा राहत नाही. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत अगदी हेच चित्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवले आहे: सुजलेल्या चेतातंतूंत माल भरलेल्या पिशव्या खच्चून साचलेल्या, आणि पचन मात्र अर्धवट. अशा पेशीत आणखी पिशव्या तयार करवून घेणे उपयोगाचे ठरेल की अपायाचे, हे आजार कोणत्या टप्प्यावर आणि साखळीच्या कोणत्या दुव्यावर आहे यावर अवलंबून राहील. म्हणून या क्षेत्रातील संशोधन आता लायसोझोमचे पचन सुधारण्याकडेही वळले आहे.

शहापूरचा फिजिशियन

सरांनी विज्ञान सांगितले आहे, मी केवळ औषधांविषयी लिहितो, कारण मला तेथे तातडी दिसते.

ताई, लेव्होडोपाच्या गोळ्या एकदम बंद करू देऊ नका. त्याने शरीर ताठ होणे, ताप चढणे, भान हरपणे अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. एखाद्या दिवसाच्या खंडानेही हालचाल थांबून पडण्याचा धोका असतो. पार्किन्सन्समध्ये उभे राहताना रक्तदाब उतरणे आणि बद्धकोष्ठता हे दोन त्रास नेहमीचे आहेत, आणि पाणी न पिण्याने दोन्ही वाढतात. घरी पडून खुब्याचे हाड मोडलेले वृद्ध रुग्ण आम्ही वारंवार पाहतो. मधुमेहाच्या गोळीचे नाव तुम्ही लिहिलेले नाही. ग्लिमेपिराइड असेल तर उपाशीपोटी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि डापाग्लिफ्लोझिनच्या गटातील औषध असेल तर लांबलेल्या उपासात साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो.

एकादशी सोडा असे मी सांगणार नाही. वडिलांच्या डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा आणि मधुमेहाच्या औषधाचे त्या दिवसाचे प्रमाण आधी लिहून घ्या, पाणी आणि गोळ्या चालू ठेवा, आणि दर थोड्या वेळाने ताक, फळ असे काही द्या; लेव्होडोपाची वेळ मात्र दूध, शेंगदाणे अशा प्रथिनयुक्त पदार्थांपासून अंतर राखून ठेवा, कारण आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना त्यांच्याशी त्या औषधाची स्पर्धा होते. वडिलांना पेशींसाठी काही करायचेच असेल तर रोज चालणे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम हे करू द्या. उंदरांत व्यायामाने स्वभक्षण वाढते हे २०१२ मध्ये दाखवले गेले. माणसात फायदा कोणत्या मार्गाने होतो हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी पार्किन्सन्सच्या रुग्णांची चाल आणि तोल व्यायामाने सुधारतो, हे प्रत्यक्ष रुग्णांत मोजलेले आहे.

विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक सांगतो. लायसोझोममधील एखादे विकर जन्मतःच नसेल तर गोशे, पाँपे यांसारखे आजार होतात; पाँपेमध्ये ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) साचून बाळाचे हृदय व स्नायू दुबळे होतात. आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आले तरच हे दोन आजार होतात, आणि आपल्या सीमाभागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असल्याने ती शक्यता वाढते. घरात पूर्वी एखादे मूल अशा कारणाने गेले असेल तर पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय सल्ला अवश्य घ्यावा. यांपैकी काही आजारांत बाहेरून विकर देण्याचा उपचार आज आहे.

निपाणीकर

कर्करोगाविषयी कोणी लिहिलेले नाही. माझ्या मेहुण्यांना तोंडाचा कर्करोग झाला असून केमोथेरपी चालू आहे, आणि तोच संदेश त्यांच्याकडेही पोहोचला आहे. उपाशी राहून गाठ पेशीच खाऊन टाकतात, यात तथ्य आहे का?

टिळकवाडीचे सर

नाही. स्वभक्षणात पेशी स्वतःच्या आतील भाग मोडते, शेजारची गाठ खात नाही. कर्करोगाशी त्याचे नाते दुहेरी आहे. अमेरिकी संशोधक बेथ लेव्हिन यांनी १९९९ मध्ये दाखवले की बेक्लिन१ हे स्वभक्षणाचे जनुक गाठ होऊ देण्यास विरोध करते. निरोगी पेशीत बिघडलेले भाग वेळीच काढले गेले तर पेशी बिथरण्याची शक्यता कमी होते. परंतु गाठ एकदा वाढली की तिच्या आतल्या भागात रक्तपुरवठा अपुरा पडतो, आणि तेथील कर्कपेशी याच स्वभक्षणाच्या आधाराने उपासमारीत तग धरतात, प्रसंगी औषधांचा माराही सोसतात. म्हणूनच काही चाचण्यांत केमोथेरपीच्या जोडीला लायसोझोमचे काम अडवणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध देऊन पाहिले गेले आहे, म्हणजे संदेशात सांगितले आहे त्याच्या बरोबर उलट दिशेने.

तोंडाच्या कर्करोगात गिळणे आधीच अवघड झालेले असते आणि वजन घटले तर उपचार मध्येच थांबवावे लागतात. मेहुण्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना दर भेटीत वजनाचा आकडा दाखवा आणि घन आहार जात नसेल तर पातळ, उष्मांक व प्रथिने भरपूर असलेला आहार कसा द्यायचा, हे तेथील आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या.