दशांश नेमका कशावर काढायचा? मदत हवी आहे

सर्वांना सलाम. प्रश्न थोडा अवघड आहे, तरी विचारते.

आमच्या घरी पगार झाला की आई आधी दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा दहावा हिस्सा, पाकिटात घालते, वर पेन्सिलीने महिना लिहिते आणि पाकीट पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) ठेवते. बाबा होते तेव्हापासूनची सवय. आता कमावती मी एकटी. हातात येतात 38 हजार, घराचा हप्ता 14 हजार, आणि गेल्या महिन्यापासून आईचं डायलिसिस.

मागच्या रविवारी बाहेरून आलेल्या एका वक्त्यांनी चर्चमध्ये बायबलमधल्या मलाखी पुस्तकाचा 3रा अध्याय काढून सांगितलं, कापण्याआधीच्या पूर्ण पगारावर दशांश द्या, नाहीतर ती देवाची चोरी. दिलात तर दुप्पट मिळेल. हे दुप्पटवालं मला चिट फंडासारखं वाटलं, खरं सांगते. पण आईने ते मनावर घेतलंय. औषधं कमी आण म्हणते, पाकीट नको कमी करू.

मी वाचलं तर बायबलमधल्या ‘अनुवाद’ पुस्तकाच्या 14व्या अध्यायात तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी (देवाच्या सेवेतला वंश), परके, अनाथ, विधवा यांच्या जेवणासाठी आहे. मार्क 7 मध्ये तर देवाला अर्पण केल्याचं सांगून आईबापांना काही न देणाऱ्यांना येशूने सुनावलंय. 2 करिंथ 9:7 मध्ये प्रेषित पौल टक्केवारी सांगतच नाही.

मग आईच्या उपचाराचा खर्च दशांशात धरला तर चालेल का? कोणी असं केलंय का? आणि चर्चच्या पाळकसाहेबांशी बोलताना सुरुवात कशी करू? आईला समजलं तर ती रडेल.