ताटली, फडकं की मेणकापड? उरलेलं अन्न तुम्ही कशाने झाकता?

सावनी_
काल फ्रीज पुसायला काढला, तर मागच्या कप्प्यात एक वाडगा, वर क्लिंग फिल्म, ती अर्धी सुटलेली आणि आत काय होतं ते देवच जाणे. ते टाकताना आजीचं कपाट आठवलं एकदम. प्रत्येक भांड्याची ताटली ठरलेली, दुसरी ठेवली की चिडायची. गुंडाळायला घरात काहीच नसायचं आणि तरी काही नासलेलं आठवत नाही, अर्थात नासायच्या आधी आम्हीच फस्त करत असू. माझ्याकडे मात्र फिल्म, फॉइल, बटर पेपर, अख्खा एक ड्रॉवर नुसत्या रोलांचा. ते बंद करायचंय. कोणी काय वापरलं, काय टिकलं, काय फसलं, लिहा प्लीज.

मीच_ती
फ्रीज पुसल्याबद्दल आधी अभिनंदन. माझा विषयच काढू नका.

खटपट्या
मेणकापड घरी करतो मी. पातळ सुती कापड, मधमाशीचं मेण, पाइनची राळ आणि थोडंसं जोजोबा तेल. कापड कोरं असेल तर आधी धुवून घ्या, खळ निघाली पाहिजे. मेण आणि राळ वितळवून कापडावर पसरायचं, मंद ओव्हनमध्ये दोन मिनिटं ठेवायचं म्हणजे सगळीकडे सारखं मुरतं, मग टोकं धरून हवेत वाळवायचं. राळ टाळू नका, नुसत्या मेणाने कापड कडक होतं पण वाडग्याला धरत नाही. ज्या भांड्यात वितळवाल ते आणि ब्रश त्याच कामाला राहतात, चांगलं भांडं घेऊ नका, घरात शांतता हवी असेल तर.

आर्या०७
आणि गार पाण्यानेच धुवायचं!! आमच्याकडे आलेल्या पाहुणीने बिचारीने मदत म्हणून सगळी मेणकापडं कढत पाण्यात बुचकळली. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, मग काय, सिंक गुळगुळीत आणि कापडं पुन्हा कापडं. गरम भांड्यावर पण नाही घालायचं. मायक्रोवेव्ह तर नाहीच नाही.

डॉकाका
कच्चं मांस, मासे त्यात गुंडाळू नका एवढं नक्की सांगेन. गरम पाण्याने धुता येत नाही म्हटल्यावर जंतू घालवणार कसे? त्यासाठी आपला घट्ट झाकणाचा काचेचा डबा. बाकी ब्रेड, चीज, अर्धं लिंबू, चिरलेली काकडी याला उत्तम.

सावनी_
काका हे माहीतच नव्हतं, थँक्यू. आणि मध, मेण न वापरणाऱ्यांनी काय करायचं? बहीण वीगन आहे

खटपट्या
कँडेलिला (एका झुडपाचं) किंवा सोयाचं मेण मिळतं. कँडेलिला जरा कडक असतं, तेल थोडं जास्त लागतं.

वैतागलेली_आई
मी सिलिकॉनची ताणून बसवायची झाकणं घेतली, काचेच्या वाडग्यावर मस्त बसतात, स्टीलच्या ओल्या काठावरून मात्र टुणकन उडतात, एकदा थेट मांजराच्या अंगावर. कांद्याचा वास जाता जात नाही, म्हणून कांद्याचं झाकण वेगळं ठेवलंय. आणि सिलिकॉन काही मातीत कुजत नाही हां, वर्षानुवर्षं वापरलं तरच घेण्यात अर्थ. दर सणाला नवीन रंगाचा सेट घेणाऱ्या माझ्या जावेला हे कोणी सांगावं

मीच_ती
मांजर कसंय?

वैतागलेली_आई
मांजर ठीक, झाकणाला दात लागलेत

निवांत
माहितीसाठी. ही जी चिकटणारी फिल्म आहे ना, तिचं मूळ १९३३ सालचं, डाऊ केमिकलच्या प्रयोगशाळेतलं. राल्फ वायली म्हणून मुलगा तिथे काचेची भांडी धुवायचा, एका बाटलीतलं काहीतरी काही केल्या घासून निघेना. ते पॉलिव्हिनिलिडीन क्लोराइड. स्वयंपाकघरात नंतर आलं. आता बहुतेक फिल्म वेगळ्याच प्लॅस्टिकच्या असतात.

आर्या०७
म्हणजे भांडं घासून निघालं असतं तर हा धागाच नसता 😂

जुनाट
फॉइलवर कोणी बोललं नाही. अॅल्युमिनियम पुन्हा वितळवलं तर बॉक्साइटपासून नव्याने करण्यापेक्षा साधारण ९५ टक्के ऊर्जा वाचते, पण आपण ते तेलकट, खरकटं चुरगाळून कचऱ्यात टाकतो, मग कसलं वाचतंय. पुसून, साठवून, मोठा गोळा करून भंगारात द्यायचं, सुटे तुकडे तिथे निवडताना चाळणीतून गळून जातात. आंबट पदार्थावर लावू नका, बारीक भोकं पडतात. आणि चकाकती बाजू आत की बाहेर यावर आमच्या घरात भांडणं झालीत, काही फरक पडत नाही. शेवटच्या लाटणीला दोन पत्रे एकत्र जातात, रोलरला लागलेली बाजू चकाकते, बस.

सावनी_
हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो गप्प आहे 😌

अंगणातली
"कंपोस्टेबल" लिहिलेल्या फिल्मबद्दल जपून. पीएलए म्हणजे मक्यासारख्या पिकांपासून केलेलं प्लॅस्टिक, त्याच्या वस्तूंना मोठ्या प्रकल्पातली साधारण ६० अंशांची ऊब लागते, घरच्या कुंडीत टाकलं तर खत होतं पण त्यात फिल्म तशीच पडलेली सापडते, माझ्याकडे सापडलीय. होम कंपोस्टेबल असं वेगळं लिहिलेलं असेल तर घ्या. बटर पेपरवर पण बहुधा सिलिकॉनचा थर असतो. मला विचाराल तर काहीच विकत घेऊ नका, वाडग्यावर ताटली ठेवा, सावनीच्या आजीसारखी. पीठ मळलं की ओलं फडकं. फिल्मचा उरलेला रोल फेकूही नका, संपवा आधी.

मीच_ती
ताटली ठेवली की फ्रीजमध्ये वर दुसरं काही रचता येत नाही, हा खरा प्रॉब्लेम

अंगणातली
सपाट, बिनकाठाची ताटली घे ना, वर आरामात बसतं. नाहीतर झाकणाचे डबे आहेतच.

वैतागलेली_आई
झाकणाचे डबे!! झाकणं जातात कुठे ते सांगा आधी

जुनाट
आमच्याकडे झाकणं उरलीत, डबे गेलेत. पत्ता पाठवा.

नवीन_नाव
धागा छान. मेणकापडात राळ नाही घातली तर चालेल का?

खटपट्या
वर लिहिलंय की हो.